डबलसीट फिरायला जुनी टूरिंग गाडी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

पाऊस ओसरला, आंबोली-चोर्ला घाटांचे फोटो फिरायला लागले की आमच्याकडे एकाच धर्तीचे मेसेज सुरू होतात: नवी परवडत नाही, जुनी बघायलोय, मागे बायको असते, कुठली घेऊ? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीचे असतात, तसे सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचेही. तीच तीच उत्तरं परत टाइप करण्यापेक्षा ती एकदाच इथे लिहून ठेवली आहेत. गाड्यांची नावं पुढे येतील. पण आमचं बोलणं मागच्या सीटपासून सुरू होतं. पुढच्याच्या हातात हँडल असतं, त्याला खड्डा आधी दिसतो, ब्रेक कधी लागणार ते ठाऊक असतं. मागच्याला यातलं काही नसतं आणि पाठ तर तितकीच दुखते.

१. टूरिंग गाडी म्हणजे नेमकी कसली? माझ्या १२५वर दोघं गोव्याला जाऊ शकत नाही काय?

जाता येतं की. रोज कितीतरी लोक जातात. बेळगावहून चोर्ल्यामार्गे पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, १२५वर पोचता येतं. प्रश्न पोचल्यावर दोघांचं काय होतं, आणि राष्ट्रीय महामार्ग ४८वर मागून ट्रक हॉर्न देत असताना तुमच्याकडे पिकअप शिल्लक आहे काय, एवढाच आहे. दोघं बसून ८०च्या वेगाला गाडी आरामात चालावी, ओव्हरटेक करायला थोडा दम राखून असावा, टाकी तेरा-पंधरा लिटरची असावी आणि तीन-चार तासांनी उतरताना मागच्या माणसाने कंबर धरू नये. एवढं जमवणारी गाडी आमच्या लेखी टूरिंग गाडी. मग तिच्यावर कंपनीने काहीही नाव छापलेलं असो.

२. दोघांना किती सीसी लागते?

या भागातल्या फिरण्याला २०० ते ४०० सीसी पुरते. सीसीपेक्षा कमी आरपीएमला ओढ किती ते बघा. चोर्ल्याच्या वळणावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी न गचकता वर निघाली पाहिजे, सारखा क्लच दाबावा लागला तर मागचं डोकं तुमच्या हेल्मेटवर आपटत राहतं. रॉयल एनफील्ड मिटिओर ३५० ची ताकद कागदावर जेमतेम २० बीएचपी, पण टॉर्क, म्हणजे ओढ, २७ न्यूटन-मीटर आणि तोही खालीच मिळतो, म्हणून ती डबलसीटला तक्रार करत नाही.

६५० घ्यायची हौस असेल तर घ्या. पण एनफील्डची इंटरसेप्टर ६५० २०० किलोच्या वर भरते. बायको मागे बसलेली असताना गणपत गल्लीच्या गर्दीत ती मागे ढकलायची आहे, हे लक्षात ठेवा.

३. मागच्या सीटचं नेमकं काय बघायचं? गादी मऊ असली की झालं ना?

मऊ गादी शोरूममध्ये छान वाटते. पन्नास किलोमीटरनंतर ती दबते आणि खालचा पत्रा लागायला लागतो. गादी घट्ट हवी, रुंद हवी आणि सपाट हवी. पुढे उतार असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस तुमच्यावर घसरतो. मग तो हाताने रेटून मागे सरकतो, परत घसरतो. घाट उतरताना असं सारखं झालं की दोघंही वैतागतात.

दुसरं, फुटरेस्ट. मागच्याला बसवा आणि बाजूने गुडघा बघा. गुडघा नव्वद अंशाच्या जवळपास वाकलेला असेल तर ठीक. बऱ्याच स्पोर्टी गाड्यांत मागचे फुटरेस्ट इतके वर असतात की गुडघे छातीकडे येतात, अर्ध्या तासात पाय बधिर. टाच सायलेन्सरला लागते काय, तेही याच वेळी बघा.

तिसरं, धरायला काय आहे. दोन्ही बाजूंना हात सहज पोचेल असा ग्रॅब रेल हवा. पाठीला टेका म्हणजे बॅकरेस्ट असेल तर मोठ्या प्रवासात जो फरक पडतो तो दुसऱ्या कुठल्याच ॲक्सेसरीने पडत नाही. मात्र बाजारातून बसवलेला बॅकरेस्ट हाताने जोरात हलवून बघा. दोन नटांवर लटकणारा असेल तर त्याच्यावर माणसाचा भार टाकू नका.

चौथं, मागचे शॉकअप. हे कुणी बघत नाही. सीटवर दोघं बसा, दोन-तीनदा दाबा. तळाला धप्प लागत असतील तर एक तर सेटिंग चुकलेलं आहे, नाही तर शॉकअप संपलेत. सेटिंगचं पुढे प्रश्न १५मध्ये.

आणि हे सगळं ज्याने बसायचं आहे त्यानेच ठरवावं. गाडी बघायला मित्राला नेतात आणि बायकोला थेट पूजेच्या दिवशी गाडी दाखवतात, असं आपल्याकडे फार चालतं.

४. घरची साडी नेसते, एका बाजूला बसते. कुठली गाडी चालेल?

साडी गार्ड, डाव्या बाजूचा रुंद फुटरेस्ट आणि हाताला घट्ट धरायला रेल, हे तिन्ही असेल तीच. मागच्याला धरायला हँडल, फुटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३नुसार सक्तीचंच आहे. पण आधीच्या मालकाने दिसायला बरं नाही म्हणून साडी गार्ड काढून ठेवलेलं असतं. विचारा, बहुतेकदा घरी माळ्यावर पडलेलं असतं. पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या भागात नवे नाहीत.

गावातल्या गावात एका बाजूला बसणं चालून जातं. घाटात आणि महामार्गावर मात्र दोन्हीकडे पाय टाकूनच बसा, त्यासाठी त्या दिवशी सलवार किंवा पँट घाला. एका बाजूला बसलं की वजन एकीकडे झुकतं, वळणावर गाडी ओढते आणि अचानक ब्रेक लागला तर बसणाऱ्याला पकडायला काहीच नसतं.

५. आईला सौंदत्तीला, नृसिंहवाडीला न्यायचं असतं. तिचे गुडघे दुखतात, पाय वर टाकता येत नाही.

मग आधी सीटची उंची बघा, बाकीचं नंतर. बजाज ॲव्हेंजर २२०ची पुढची सीट ७३७ मिलिमीटर, मिटिओरची ७६५. एनफील्डची हिमालयन ४११, बजाजची डॉमिनार ४०० आणि होंडा हायनेस सीबी३५० यांची ८००च्या आसपास. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५, केटीएम ३९० ॲडव्हेंचर ८५५. मागची सीट याहून वर असते आणि तिच्यामागे बॅग किंवा बॅकरेस्ट असेल तर पाय त्याच्यावरून न्यावा लागतो. वयस्कर माणसासाठी ॲव्हेंजर, मिटिओर आणि एनफील्डचीच जुनी थंडरबर्ड एवढ्याच घरात शोधा.

चढताना साइड स्टँड वर घेतलेला असावा. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, मग आईने डावीकडून तुमच्या खांद्यावर हात ठेवून चढायचं. गाडी स्टँडवर असताना फुटरेस्टवर उभं राहून चढलं की सगळा भार त्या एका स्टँडवर येतो.

६. नावं सांगा की. कुठल्या मॉडेलच्या मागे लागू?

दोघांसाठी, ठेवलेल्या बजेटात, बेळगावात दुरुस्त करून मिळेल अशी हवी असेल तर पहिलं नाव मिटिओर ३५०. नोव्हेंबर २०२०मध्ये आली, आधीच्या एनफील्डपेक्षा इंजिन खूपच गुळगुळीत, टाकी १५ लिटर, अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. स्टेलर आणि सुपरनोव्हा प्रकारात बॅकरेस्ट कंपनीकडूनच येतो, सुपरनोव्हात पुढे काचही. जुन्यात शोधताना हे दोन प्रकार आधी शोधा.

थंडरबर्ड ३५०चं वेड आपल्याकडे अजून उतरलेलं नाही, आणि कारण आहे. २० लिटरची टाकी, टेकून बसायला सोय, कोपऱ्याकोपऱ्यावर मिस्त्री. व्हायब्रेशन आहे, तास-दीड तासानंतर हाताला मुंग्या येतात. २०२०मध्ये बंद झाली, त्यामुळे प्रश्न १७ वाचूनच घ्या.

रस्ता कायम वाईटच असेल, म्हणजे खानापूरच्या आतली गावं, जांबोटी-कणकुंबी, पावसाळ्यानंतरचे सगळे खड्डे, तर हिमालयन ४११. मागचा माणूस खड्ड्यात कमी उडतो. २०१६ची अगदी पहिली कार्ब्युरेटरची गाडी टाळा, २०१८च्या एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) पुढची बघा. गाडी जड आहे, दोनशे किलोच्या घरात. चाकं तारांची, आत ट्यूब. जांबोटी सोडल्यावर पंक्चर झालं तर चाक खोलावं लागणार, तेव्हा सोबत हत्यारं आणि ट्यूब ठेवा.

महामार्गच जास्त असेल, पुणे-बंगळूर असं लांबचं जाणं असेल तर डॉमिनार ४००. २०१९पासूनची घ्या, ताकद ३५वरून ४० पीएस झाली, पुढचे शॉकअप बदलले. २०२१पासून काच, बॅकरेस्ट, कॅरिअर हे कंपनीकडूनच बसवून येऊ लागलं. तशी मिळाली तर बाजारात वेगळा खर्च नाही. या गाड्या पोरांनी ताणून चालवलेल्या असतात, त्यामुळे दहा बघितल्यावर एक चांगली सापडते.

होंडा हायनेस सीबी३५० सगळ्यांत शांत गाडी. मागची सीट चांगली. फक्त तुमच्या गावाजवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी बघा, चिकोडी-रायबागच्या माणसाला दर सर्व्हिसला शहर गाठणं परवडेलच असं नाही.

ॲव्हेंजर २२० स्वस्त आणि बुटकी. गावाजवळच्या फिरण्याला उत्तम. मागच्या शॉकअपला खाली जायला जागा कमी आहे, दोघं भारी असाल तर खड्ड्यात दणका बसतो.

३९० ॲडव्हेंचर, एक्सपल्स २०० या एकट्याने फिरायला झकास गाड्या आहेत. डबलसीटसाठी आम्ही त्या सुचवत नाही. कुणाला राग आला तर येऊ दे.

७. किती साल जुनी चालेल?

एप्रिल २०१९नंतर विकल्या गेलेल्या १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. दोघं बसून ओल्या घाटात उतरायचं असेल तर एबीएस असलेलीच घ्या, इथे घासाघीस नको. दोन्ही चाकांना एबीएस असेल तर अजून बरं. एप्रिल २०२०पासूनच्या गाड्या बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या, आणि इंजेक्शनच्या. त्या थंडीत पटकन सुरू होतात, पण सेन्सरचं काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीला जमेलच असं नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तर तो नूतनीकरणाचा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा.

८. मीटरवर १८ हजारच आहेत म्हणतोय. खरं धरू काय?

मीटर सोडा, बाकीची गाडी बघा. फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय काय, मागच्या ब्रेकच्या पायपट्टीचे खवले झिजलेत काय, चावीचे दाते बारीक झालेत काय, हँडलच्या ग्रिप चकचकीत झाल्यात काय. १८ हजारांत हे होत नाही. सर्व्हिसची बिलं मागा, कंपनीच्या वर्कशॉपच्या बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात.

उलट, ४० हजार फिरलेली आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी आम्ही डोळे झाकून बघायला जाऊ. पाच वर्षांत चारच हजार फिरलेली गाडी दिसायला नवी असते, पण तिचे टायर, बॅटरी, ऑइल सील उभ्या उभ्याच म्हातारे झालेले असतात.

९. गाडी बघायला गेलो. नक्की काय काय तपासू?

आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनवर हात ठेवा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि धूर येतो तोच खरा. निळसर धूर येऊन थांबत नसेल तर ऑइल जळतंय.

मेन स्टँडवर घ्या, एकाने मागून दाबून पुढचं चाक उचला आणि हँडल हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर आल्यावर खट्ट करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलाय. दोघांच्या वजनाने आणि खड्ड्यांनी हा आपल्या भागात लवकर जातो. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ लागला तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. तेलाचा पट्टा लागला तर सील गळतंय.

चेन मागच्या चक्राच्या अगदी मागे, जिथे ती वळते तिथे, चिमटीत धरून बाहेर ओढा. दात अर्ध्यापर्यंत उघडे पडले तर चेन-स्प्रॉकेटचा सेट गेला, तेवढे पैसे कमी करा. दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर बोलायलाच नको.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर दोघांना घेऊन त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

शेवटी अपघाताच्या खुणा. हँडलची दोन टोकं, लिव्हरची टोकं, फुटरेस्ट, सायलेन्सरची बाहेरची बाजू बघा. स्टीअरिंगच्या मानेपाशी चेसिसवर नवा रंग किंवा सुरकुत्या पडलेला पत्रा दिसला तर चहा पिऊन परत या. चेसिस नंबर आरसीशी एकेक आकडा लावून बघा.

१०. टेस्ट राईड किती घ्यायची? मालक एक फेरी मारून या म्हणतो.

एका फेरीत काही कळत नाही. दोघं बसून निदान वीस-पंचवीस किलोमीटर. आपलं ओळखपत्र आणि आपली गाडी त्याच्याकडे ठेवा, पेट्रोल स्वतः टाका, मग बहुतेक मालक तयार होतात. बेळगावकरांनी काकतीवरून वंटमुरी घाटापर्यंत जाऊन यावं: महामार्ग, चढ, उतार सगळं मिळतं. निपाणीकरांना तवंदी घाट आहेच. आणि एकदा मुद्दाम खराब रस्त्याला घाला.

येताना अर्धा रस्ता तुम्ही मागे बसा, मित्राला किंवा मालकालाच चालवू द्या. अर्ध्या तासात जे कळेल ते दुसऱ्या कुठल्याही तपासणीत कळणार नाही. परत आल्यावर मागे बसणाऱ्याला मालकापासून थोडं बाजूला नेऊन विचारा. लोकांसमोर माणसं "बरी आहे की" म्हणतात.

११. गोव्याची जीए पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय. घेऊ काय?

स्वस्त असण्याला कारण असतं. खारी हवा. टाकीखालचा भाग, सीट काढून आतली फ्रेम, तारांच्या चाकांच्या निपल्स, सायलेन्सरचा पोटाकडचा पत्रा, बॅटरीची टोकं, वायरिंगचे जोड, हे सगळं मोबाइलचा टॉर्च लावून बघा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. खपल्या उडालेल्या असतील, बोट लावल्यावर भुगा पडत असेल तर सोडा. भाड्याने दिली जाणारी गाडी होती काय, तेही आरसीवर बघा: पर्यटकांच्या हातातून गेलेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नये. कागदांचं प्रश्न १२ आणि १३प्रमाणेच.

१२. कोल्हापूरची एमएच-०९ घेतली आणि तशीच बेळगावात चालवली तर चालतंय काय? इथे तर सगळीकडे एमएच दिसतात.

दिसतात, कारण रोज येणारी-जाणारी बरीच आहेत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ४७प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही बेळगावात राहता, गाडी इथेच ठेवणार, तर आज ना उद्या केए-२२ करावीच लागणार. चिकोडी-निपाणीकडे केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९.

मालकी बदलण्याचा प्रश्न तर वेगळाच, त्याला बारा महिनेही नाहीत. विकणाऱ्याने राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाच्या नावावरच गाडी चालवत राहिलात आणि काही घडलं, तर तो तिकडे अडकतो आणि तुम्ही इकडे.

१३. मग एमएचची केए करायला काय काय लागतं? खर्च किती?

कोल्हापूर आरटीओतून फॉर्म २८वर एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. त्याआधी कर्जाचा बोजा उतरलेला हवा (प्रश्न १४) आणि ई-चलनं भरलेली हवीत. मग आपल्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलाचे, फॉर्म २७ नव्या नंबरचा, सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. गाडी दाखवायला न्यावी लागते. कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला परत मागायचा. परतावा मागता येतो, पण त्याच्यासाठी पाठपुरावा लागतो. तो पैसा हातात येईल असं धरून बजेट करू नका. नव्या नंबरबरोबर उच्च सुरक्षा नंबरप्लेटही नवी.

म्हणून हिशेब असा करा: गाडीची किंमत, टॅक्स, एजंट, प्लेट, हेलपाट्याचे दिवस. हे सगळं मिळवून एमएचची गाडी केएच्या बरोबरीला येत असेल तर सरळ केए घ्या. फरक चांगला असेल, गाडी खरंच निवडक असेल, तरच सीमा ओलांडा. एनओसी हातात पडेपर्यंत विसाराच्या वर पैसे देऊ नका. "एनओसी आठवड्यात देतो" या वाक्यावर पूर्ण पैसे देऊन वर्षभर फोन करत बसलेली माणसं दर महिन्याला आम्हाला लिहितात.

*माझं गाव चंदगड तालुक्यात, नोकरी बेळगावात, रोज शिनोळीवरून ये-जा, असंही बरेच विचारतात.* तुमचं घर महाराष्ट्रात आणि गाडी रात्री तिथेच उभी राहते, तर तुमची नोंदणी एमएच-०९च राहू शकते. घराच्या पत्त्याचा पुरावा आणि गाडीची कागदपत्रं सोबत ठेवा. बेळगावात खोली घेऊन राहायला लागलात की मात्र वरचाच नियम.

१४. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे. मालक म्हणतो कर्ज कधीच फिटलं.

फिटलं असेल. पण आरसीवर एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा) दिसतंय तोवर कागदोपत्री गाडीवर हक्क त्यांचाही आहे. फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन मालकाने आधी एचपी काढून घ्यावं, खर्च त्याचा. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून आताची स्थिती स्वतः बघा, सोबत चलनं आणि इन्शुरन्सची तारीखही कळते.

१५. गाडी घेतली. पहिल्यांदा काय करून घेऊ?

टायर, चेन, ब्रेक यांच्यासाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम हातात ठेवूनच गाडी घ्यायची असते. ब्रेक ऑइल कधी बदललं ते कुणालाच आठवत नसतं, तेव्हा बदलून टाका. जुन्या ऑइलमध्ये पाणी धरतं आणि लांब घाट उतरताना ते तापलं की लिव्हर पोकळ होतो. मागे माणूस असताना हा अनुभव नको. घाट ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, ब्रेकला विश्रांती मिळते.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. खालच्या बाजूला पायऱ्या असलेलं कडं असतं, गाडीच्या किटमधल्या आकड्याच्या पान्याने फिरतं. एकट्याला खालची पायरी, दोघं आणि बॅगा असतील तर वरची. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारखीच. टायरमधली हवा चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, तिथे एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो.

मग हेडलाइट. मागे माणूस बसला की गाडीचं मागचं अंग बसतं आणि उजेड वर जातो. समोरचा डिपर देत राहतो आणि तुम्हाला रस्ता दिसत नाही. दोघं बसून भिंतीसमोर उभं राहून लाइट खाली करून घ्या. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी-गोकाक पट्ट्यात रात्री निघायचं टाळलेलंच बरं. मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चाललेले असतात, आणि तुमचा लाइट आभाळात असेल तर ट्रॉली जवळ आल्यावरच कळते.

गादी मात्र लगेच बदलू नका. महिनाभर वापरा, कुठे टोचतं ते मागच्याला सांगू दे, मग सीटवाल्याकडे जाऊन नेमकं तेवढंच करून घ्या. दोघांचंही माप घेतल्याशिवाय फोम कापणाऱ्याकडे देऊ नका.

१६. बॅगा कुठे बांधायच्या? आणि पोराला मध्ये बसवलं तर?

जड सामान टाकीवरच्या बॅगेत किंवा दोन्ही बाजूंच्या बॅगांत, जेवढं खाली तेवढं बरं. मागच्या माणसाच्याही मागे कॅरिअरवर जड बॅग बांधली की पुढचं चाक हलकं होतं, चढावर हँडल डुलायला लागतं. तिथे रेनकोट, स्वेटर एवढंच. साइड बॅगेसाठी साडी गार्ड काढावं लागत असेल तर प्रश्न ४ परत वाचा.

पोराला मध्ये बसवणं बेकायदेशीर. चालवणाऱ्यामागे एकच माणूस, कलम १२८. पोर एकटंच मागे असेल तर वेगळं: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा आणि वेग ताशी ४०च्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२२मध्ये निघून वर्षभराने लागू झाला. तिघं असाल तर चोर्ल्याला एसटी किंवा कार. हे आमचं मत समजा.

१७. बंद झालेलं मॉडेल घेतलं तर पार्ट मिळतात काय?

कंपनी आणि मॉडेल बघून. थंडरबर्ड ३५०चं इंजिन जुन्या क्लासिक-इलेक्ट्राच्या घराण्यातलं, त्यामुळे क्लच प्लेट, पिस्टन, केबल यांची ददात नाही. अडतं ते टाकी, मीटर, हेडलाइटचं घर, बाजूचे पॅनेल अशा दिसणाऱ्या भागांवर. म्हणून असली गाडी घेताना हे भाग अखंड असलेलीच घ्या. छोटा बुश, ब्रॅकेट, स्पेसर असलं काही असेल तर बेळगावकरांना चिंता नाही, उद्यमबागेत लेथवर करून देणारे आहेत. ब्रेक आणि स्टीअरिंगचे पार्ट मात्र असे बनवून बसवू नका.

१८. इन्शुरन्स चालू आहे म्हणतो. मागच्या माणसाला त्यात काही मिळतं काय?

पॉलिसी उघडून वाचा. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे "चालू आहे" म्हणणाऱ्याचा फक्त तेवढाच चालू असतो. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणाऱ्याच्या भरपाईवरून कोर्टात वाद झालेले आहेत. डबलसीट फिरणार असाल तर पूर्ण पॉलिसी घ्या आणि मागच्या व्यक्तीसाठी अपघात विमा जोडून घ्या, हप्ता फार वाढत नाही. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तो तुम्हाला मिळेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

१९. गाडी पाहुण्यातली आहे. मूळ मालक वारले, मुलगा विकतोय. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं तर पुरे काय?

नाही. मेलेल्या माणसाच्या नावावरून थेट तुमच्या नावावर गाडी येत नाही. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला लागतो, वारस असल्याचा पुरावा लागतो आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून लागतं. मुदत उलटली असली तरी दंड भरून होतं, पण ते त्यांनी करायचं. त्यांच्या नावाची आरसी आली की मग तुमचे फॉर्म २९ आणि ३०.

पाहुण्यात आहे म्हणून कागद मागायला लोक संकोचतात. घरात दोन भाऊ, एक बहीण असेल तर तिघांच्या सह्या झाल्यात काय ते आधी विचारा, आणि त्या झाल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका.